पायातलं रक्त वर कसं येतं? रक्ताभिसरणाचा धागा

झडप
रक्ताभिसरण म्हटलं की शाळेतली आकृती आठवते: अर्धं हृदय लाल, अर्धं निळं, भोवती चार बाण. आकृती चूक नाही, पण तिच्यात आकडे नाहीत, आणि आकड्यांशिवाय हा विषय हाताला लागत नाही.

७० किलो वजनाच्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं (किलोमागे ७० मिली धरा). एका ठोक्याला हृदयातून ७० मिलीच्या आसपास रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे ५ लिटर. थोडक्यात, निवांत बसलेल्या माणसाचं अख्खं रक्त सरासरी मिनिटाभरात एक फेरी मारतं. भरधाव पळताना हेच २० ते २५ लिटरवर जातं.

मार्ग असा. शरीरभरातून आलेलं रक्त दोन महाशिरांतून उजव्या कर्णिकेत, तिथून त्रिदली झडपेतून उजव्या जवनिकेत, मग फुप्फुसधमनीतून फुप्फुसात. तिथून चार शिरांतून डाव्या कर्णिकेत, द्विदली झडपेतून डाव्या जवनिकेत आणि शेवटी महाधमनीत. (काही पुस्तकांत अलिंद-निलय असतं. कप्पे तेच, नावं वेगळी.)

आकृतीत न दिसणारी गोष्ट दाबाची. उजवी जवनिका फुप्फुसाकडे रक्त ढकलते तो दाब साधारण २५/१० मिमी पारा, तर डाव्या जवनिकेमुळे महाधमनीत १२०/८०. म्हणून डावीची भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड. पण रक्त दोघींनी सारखंच ढकलायला हवं, कारण त्या एकामागोमाग एक जोडलेल्या आहेत. डावीने ठोक्यामागे फक्त १ मिली कमी टाकलं, तर मिनिटाला ७२ मिली आणि दहा मिनिटांत सव्वासातशे मिलीच्या आसपास रक्त फुप्फुसात तुंबेल. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण जवनिका जितकी जास्त भरते तितकी ती जोराने आकुंचन पावते, हिशेब आपोआप जुळतो. डावी बाजू थकली की हाच हिशेब चुकतो. रात्री आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागतं ते त्यामुळे.

शंका विचारा. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

चिंचोका
पहिली शंका माझी. १२० चा दाब केशवाहिन्यांपर्यंत जाता जाता संपतो म्हणतात. मग तळपायातलं रक्त छातीपर्यंत, म्हणजे सव्वा मीटर वर, कोण चढवतं?

रेवाकाठ
पोटरी. तिला दुसरं हृदय म्हणतात ते उगाच नाही. पोटरीच्या स्नायूंच्या आत खोल शिरा असतात. स्नायू आवळला की शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडला की ते खाली येऊ पाहतं, पण शिरांतल्या झडपा मिटतात. मग रिकाम्या झालेल्या खोल शिरेत कातडीखालच्या शिरांमधलं रक्त शिरतं. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त खोल शिरांतूनच परततं, बाहेरून दिसणाऱ्या शिरांचा वाटा लहान.

आकडा हवा असेल तर हा घ्या: स्तब्ध उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत दाब ९० मिमीच्या आसपास असतो, चालायला लागल्यावर काही पावलांतच २५ च्या घरात येतो.

गवंडी_गणित
रेवाकाठ, आकडे बरोबर, पण चिंचोकांच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हे. पोटरीने रक्त "चढवलं" नाही तर ते वर येणारच नाही, असा अर्थ निघतो आणि तो चुकीचा आहे. पोटरी अजिबात न हलवताही रक्त परत येतं.

गवंड्याची लेव्हल नळी डोळ्यांसमोर आणा. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन खांबांना लावतात. मधला झोल जमिनीला टेकला तरी दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला राहतं. एका बाजूचं पाणी खाली येताना जेवढा जोर मिळतो, तेवढाच दुसऱ्या बाजूला वर जाताना खर्च होतो. शरीरातही तेच: हृदयापासून घोट्यापर्यंत धमनीत रक्ताचा जेवढा उंच स्तंभ, तेवढाच शिरेत. घोट्याजवळ शिरेतला दाब ९० असेल, तर तिथल्या धमनीतला दाबही तेवढ्यानेच वाढलेला असतो, म्हणजे १०० च्या जागी १९० च्या आसपास. दोहोंतला फरक होता तेवढाच राहिला, आणि प्रवाह चालतो तो फरकावर.

मग विहिरीतून पाणी उपसण्याची उपमा इथे बसत नाही. वाट बंद आहे आणि पूर्ण भरलेली आहे.

चिंचोका
मग पोटरीचं काम काय? आणि उभं राहून माणसं चक्कर येऊन का पडतात?

झडप
गवंडी_गणित यांचं म्हणणं बरोबर, फक्त एक गोष्ट जोडतो. लेव्हल नळीचं प्लास्टिक ताणत नाही. शिरा ताणतात. धमनीपेक्षा कितीतरी पट अधिक ताणतात, म्हणून तर शरीरातलं ६० ते ७० टक्के रक्त कुठल्याही क्षणी शिरांतच असतं. लेव्हल नळीच्या जागी सायकलची जुनी ट्यूब लावली तर झोलाचा भाग फुगेल आणि वरच्या टोकांची पातळी खाली जाईल. माणूस आडव्याचा उभा राहतो तेव्हा ५०० ते ८०० मिली रक्त असंच पोट आणि पायांच्या शिरांत उतरतं.

म्हणजे अडचण रक्त चढण्याची नाही, साठण्याची आहे. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं की पुढचा ठोकाही कमी रक्ताचा. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणारी नसांची टोकं असतात. ती दोनेक ठोक्यांत मेंदूला खबर देतात, नाडी वाढते, हातापायातल्या बारीक धमन्या आणि शिरा आवळतात. ही व्यवस्था उशिरा जागी झाली (वय, मधुमेहाने बधिर झालेल्या नसा, प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या, पोटात पाणी कमी) की डोळ्यांपुढे अंधारी.

पोटरी साठलेलं पिळून काढते, आणि शिवाय शिरेतला दाब उतरवून वरच्या फरकात भर घालते. बंदोबस्ताला किंवा कवायतीला तासभर ताठ उभं राहणाऱ्यांनी टाचा उचलणं, बुटातल्या बुटात बोटं दाबणं, मांड्या आवळणं सुरू ठेवावं. हे करताना कुणाला दिसतही नाही.

कुणी पडलंच तर आडवं राहू द्या, पाय फूटभर उंच करा. खुर्चीवर बसवायची घाई करतात ती सर्वांत वाईट, कारण रक्त पुन्हा पायात उतरतं. तोंडात पाणी ओतू नका. मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल किंवा पळताना माणूस पडला असेल, तर ही साधी भोवळ समजू नका, १०८ ला फोन करा.

रेवाकाठ
मान्य. "चढवते" हा शब्द मागे घेते :) त्यात श्वासाची भर घाला. श्वास आत घेताना छातीतला दाब उतरतो, छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा खाली येऊन पोटातला दाब वाढतो, आणि पोटातल्या महाशिरेतलं रक्त वर ढकललं जातं. उलट शौचाला जोर लावताना श्वास कोंडला की छातीतला दाब चढून परतीची वाट दबते. संडासात वयस्कर माणसं भोवळ येऊन पडतात, त्यामागे बऱ्याचदा हेच. बद्धकोष्ठाचं औषध तिथे रक्तदाबाच्या औषधाइतकंच कामाचं.

शिरोरेखा
झडपा खऱ्या आहेत का हे पाहायला यंत्र लागत नाही. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये छापलेला प्रयोग घरी होतो. (झडपांचं वर्णन त्याचे पादुआतले गुरू फॅब्रिशियस यांनी आधीच केलं होतं, पण त्या कशासाठी आहेत हे गुरूंना उमगलं नव्हतं.)

दंडाला रुमाल बांधा, मनगटाची नाडी लागत राहील इतपतच घट्ट. मूठ चार-पाचदा उघडझाप करा. हातावरच्या शिरा फुगतील, मध्ये मध्ये गाठीसारखे उंचवटे दिसतील. त्या झडपा. आता मनगटाकडच्या बाजूला एका बोटाने शीर दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे, पुढच्या गाठीपलीकडे रक्त निपटून न्या आणि ते दुसरं बोट उचला. मधला तुकडा सपाटच राहतो, वरून रक्त उलटं येत नाही. आता वरून खाली दाबून बघा, तरी गाठ ओलांडत नाही. पहिलं बोट उचललं की खालून झटकन भरतो. दोन मिनिटांत उरका आणि रुमाल सोडा.

हार्वेचा दुसरा मुद्दा निव्वळ गुणाकाराचा. अर्ध्या तासात हृदयातून जेवढं रक्त बाहेर पडतं तेवढं शरीरात मुळात असतच नाही. तेव्हा यकृत अन्नापासून सतत नवं रक्त बनवतं आणि अवयव ते संपवतात, ही गॅलेनपासून चालत आलेली समजूत टिकणं शक्य नव्हतं. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असलं पाहिजे. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्याला दिसल्या नाहीत. त्या मालपिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

निवांत_बसलोय
मनगटावर नाडी ठोक्यासरशी लागते. म्हणजे हृदयातून निघालेलं रक्त पाव सेकंदात मनगटापर्यंत पोचतं?

गवंडी_गणित
नाही. पोचते ती लाट. यार्डात उभ्या मालगाडीला इंजिन धडकलं की खणखणाट शेवटच्या डब्यापर्यंत क्षणात जातो, डबे मात्र हातभर सरकतात. धमनीच्या भिंतीतून दाबाची लाट सेकंदाला ५ ते १० मीटर धावते. रक्त स्वतः महाधमनीत सरासरी सेकंदाला २०-३० सेंमी सरकतं.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. भिंत जितकी कडक तितकी लाट वेगवान. वय वाढलं की महाधमनीची लवचीकता जाते, ठोक्याचा धक्का ती सामावून घेत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आक्रसून रक्त पुढे ढकलायचं कामही होत नाही, म्हणून खालचा उतरतो. सत्तरीतल्या माणसाचा १६०/७० हा दाब "खालचा छान आहे की" म्हणून सोडून द्यायचा नसतो. दोन आकड्यांतलं ९० चं अंतर हीच तक्रार आहे.

ताम्हण_फुल
रक्तदाबाचा विषय निघालाच आहे तर घरी मोजण्याबद्दल कुणीतरी नीट लिहा. एकाच माणसाचा सकाळी १५०, दवाखान्यात १३०, शेजाऱ्याच्या यंत्रावर १४२. कोणता खरा?

शिरोरेखा
बहुतेक वेळा यंत्र दोषी नसतं, मोजण्याची रीत असते. रक्ताभिसरणाचं गणितच लावून पाहू.

हात कुठे आहे हे सर्वांत महत्त्वाचं. रक्ताचा १ सेंमी उंचीचा स्तंभ साधारण ०.७७ मिमी पारा एवढा दाब देतो. दंडाचा पट्टा हृदयापेक्षा १० सेंमी खाली राहिला तर आकडा ७-८ ने वाढीव येणार, वर राहिला तर तेवढाच कमी. मनगटावर बांधायच्या यंत्रांचा घोळ हाच: मनगट मांडीवर ठेवलं की २० सेंमीचा फरक पडतो आणि १५ मिमी फुकटचे चढतात. दंडाचं यंत्र घ्या, हात टेबलावर टेकवा, पट्ट्याचा मध्य छातीच्या मधोमध येईल इतकी उंची साधा. हात अधांतरी धरायचा नाही.

पट्टा. आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. यंत्राबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमी घेरासाठी असतो. ३६ सेंमीच्या दंडाला तोच लावला तर धमनी दाबायला जास्त हवा लागते आणि आकडा खोटाच चढतो. फितीने एकदा घेर मोजा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, बाही सारून नव्हे तर काढून. वर सारलेली घट्ट बाही म्हणजे आणखी एक पट्टाच.

आधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना नको. लघवी करून या, भरलेलं मूत्राशय दाब वाढवतं. पाठ टेकून, दोन्ही तळपाय जमिनीवर, मांडीवर मांडी न टाकता ५ मिनिटं गप्प बसा. मोजताना बोलू नका. पहिला आकडा लिहा, मिनिटभराने दुसरा घ्या, सरासरी काढा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा, ज्याचा जास्त येईल तो हात पुढे कायम. दोन हातांत १५-२० चा फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर तो डॉक्टरांना दाखवा, कमी आकड्याच्या बाजूची धमनी अरुंद असू शकते.

रेवाकाठ
भर घालते. डायलिसिसचा फिस्टुला असलेल्या हातावर मोजायचं नाही, सुईही टोचायची नाही. तिथे धमनी सरळ शिरेला जोडलेली असते, केशवाहिन्या गाळून, म्हणून बोट ठेवलं की थरथर लागते. पट्ट्याने प्रवाह थांबला तर फिस्टुला गोठून बंद पडू शकतो. थरथर रोज सकाळी हात लावून तपासायची, नाहीशी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि नाडी अनियमित असेल तर यंत्राचा एक आकडा धरू नका, तीन घ्या. प्रत्येक ठोक्याला वेगळं रक्त बाहेर पडतं, यंत्र त्यातला कुठला पकडेल सांगता येत नाही.

उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्यांचा वेगळा प्रकार: ५ मिनिटं आडवं राहून मोजा, उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर वर झडप यांनी सांगितलेली साठण्याची भानगड आहे. ही नोंद घेऊन जा, तिच्यावरून औषधाची मात्रा बदलते.

चिंचोका
शिरेतलं रक्त निळं असतं ना?

रेवाकाठ
नाही. गडद लाल, जांभळाच्या रसासारखं. त्वचेतून प्रकाश आरपार जाऊन परततो त्यात निळसर छटा दिसते एवढंच. शिवाय फुप्फुसधमनीत गडद रक्त आणि फुप्फुसशिरेत तांबडंलाल, म्हणजे "धमनी म्हणजे शुद्ध रक्त" ही व्याख्याही बाद. हृदयाकडून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर.

गवंडी_गणित
केशवाहिन्यांवर कुणी लिहिलं नाही अजून, आणि खरं काम तर तिथेच होतं. बाकीचं सगळं वाहतूक खातं.

महाधमनीचा छेद ३-४ चौरस सेंमी. सगळ्या केशवाहिन्यांचे छेद एकत्र केले तर काही हजार चौरस सेंमी. तेवढंच रक्त इतक्या रुंद पात्रातून जायचं म्हटल्यावर वेग पडतो: सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. केशवाहिनीची लांबीही अर्धा ते एक मिमी, म्हणून लाल पेशीला देवाणघेवाणीला एक-दोन सेकंद मिळतात. वाहिनी ५ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, पेशी ७-८ मायक्रॉन. अरुंद ठिकाणी ती दुमडून जाते.

कुठल्या अवयवाला किती द्यायचं हे हृदय ठरवत नाही. ते ठरतं केशवाहिन्यांच्या अलीकडच्या बारीक धमन्यांत, तिथे भिंतीत स्नायूचं कडं असतं. हृदय म्हणजे पाण्याची टाकी, तर या धमन्या म्हणजे गल्लीगल्लीतल्या चाव्या फिरवणारा नगरपालिकेचा चावीवाला. आणि चावीची ताकद भयंकर: नळीचा व्यास निम्मा केला तर अडथळा दुप्पट नाही, १६ पट होतो. दाबाची मोठी घसरणही इथेच होते, आत शिरताना ८०-९० आणि बाहेर पडताना ३५.

विश्रांतीत मूत्रपिंडांना मिनिटाला लिटरभर, म्हणजे एकूण रक्ताच्या पाचवा हिस्सा जातो. स्वतःच्या गरजेसाठी नव्हे, गाळण्यासाठी. मेंदूला पाऊण लिटर. पळताना स्नायूंचा वाटा १५-२० टक्क्यांवरून ८० च्या पुढे जातो, आतड्यांचा आवळला जातो. मेंदूचं पाऊण लिटर मात्र जवळपास तेवढंच राहतं. पंगतीत जेवून लगेच कबड्डी का खेळू नये, ते यातच आलं.

ताम्हण_फुल
अमलोडिपिन ही रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर घोटे सुजतात, त्याचा या चावीशी संबंध आहे का?

झडप
नेमका. केशवाहिनीच्या सुरुवातीला आतला दाब ३५ मिमी, शेवटी १५. रक्तातली प्रथिनं पाणी आत ओढून धरतात ती ओढ २५ च्या आसपास. म्हणजे सुरुवातीला पाणी बाहेर झिरपतं, पुढे बरंचसं आत येतं, आणि उरलेलं दिवसाला २ ते ४ लिटर लसीकावाहिन्या गोळा करून मानेच्या बुंध्याशी शिरेत परत सोडतात. (पूर्व विदर्भात आढळणाऱ्या हत्तीरोगात कृमी याच वाहिन्या अडवतात.)

अमलोडिपिन बारीक धमन्यांची चावी सैल करतं, शिरांची फारशी नाही. येणारा दाब वाढला, निचरा तेवढाच, म्हणून पाणी घोट्याशी साठतं. ही सूज शरीरात पाणी जास्त झाल्याची नाही, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. मात्रा कमी करणं किंवा शिराही सैल करणारं दुसरं औषध जोडणं हे डॉक्टर ठरवतील. स्वतःहून गोळी बंद करू नका.

सूज पाहायची तर नडगीच्या हाडावर अंगठा ५ सेकंद दाबा. खड्डा राहिला तर पाणी आहे. दोन्ही पायांवर सारखा खड्डा असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा औषध. एकाच पायावर असेल तर आधी शिरेतली रक्ताची गाठ (गुठळी) आठवा.

रेवाकाठ
या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढा. एकच पोटरी अचानक सुजली, दुखरी आणि गरम झाली, त्यात अलीकडे शस्त्रक्रिया, प्लास्टर, लांबचा प्रवास, बाळंतपण किंवा कर्करोग असेल, तर तेल लावून चोळायचं नाही. आपल्याकडे पहिला उपाय तोच होतो. चोळल्याने गाठ सुटू शकते.

सुटली तर कुठे जाईल? वरचा मार्ग वाचा: पायाची शीर, महाशीर, उजवी कर्णिका, उजवी जवनिका, फुप्फुसधमनी. वाटेत नळ्या रुंदच होत जातात, अरुंद होते ती थेट फुप्फुसात. म्हणून पायातली गाठ सहसा मेंदूत जात नाही, फुप्फुसात अडकते: अचानक दम, श्वास घेताना छातीत कळ, कधी थेट कोसळणं. याउलट अनियमित ठोक्यांमुळे डाव्या कर्णिकेत गाठ झाली तर ती महाधमनीतून मेंदूकडे जाऊ शकते, तिचा परिणाम लकवा. (चारातल्या एका प्रौढात दोन कर्णिकांमधलं गर्भातलं भोक पूर्ण मिटलेलं नसतं, तिथे अपवाद घडू शकतो.)

निवांत_बसलोय
सलाईनच्या नळीत बुडबुडा दिसला की नातेवाईक घाबरतात. तोही फुप्फुसातच जाणार ना?

रेवाकाठ
हो. हाताच्या शिरेतून गेलेला वाटाण्याएवढा बुडबुडा फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतो आणि विरून जातो. धोका असतो तो एकदम खूप हवा गेली तर, उजव्या जवनिकेत फेस होऊन पंपच रिकामा फिरतो. बाटली संपली म्हणून हवा आपोआप शिरेत शिरेल अशी भीती असते, पण हातातल्या शिरेत दाब थोडा का होईना धन असतो, उलट रक्तच नळीत वर येतं. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं मात्र वेगळं. बसलेल्या माणसाच्या मानेत शिरेतला दाब हवेपेक्षा कमी होतो, टोपण उघडं राहिलं तर श्वासाबरोबर हवा ओढली जाते. ती नळी काढताना माणसाला आडवं करतात ते यासाठी.

शिरोरेखा
हृदयाच्या स्वतःच्या रक्ताबद्दल लिहितो, कारण अँजिओग्राफीच्या वेळी लोक विचारतात, "मनगटातून हृदयात कसं जातात?"

आतून एवढं रक्त वाहत असूनही हृदयाचा स्नायू ते थेट वापरत नाही. महाधमनीच्या झडपेच्या लगेच वर दोन छिद्रं असतात, तिथून डावी आणि उजवी हृदयधमनी निघते. एकूण रक्ताच्या ५ टक्के त्यांच्या वाट्याला. गंमत अशी की डाव्या जवनिकेच्या भिंतीत बहुतेक रक्त हृदय सैल असताना शिरतं, कारण आकुंचनात ती भिंत स्वतःच्याच वाहिन्या दाबून टाकते. ७२ च्या गतीला एक ठोका ०.८ सेकंदाचा, त्यात सैल वेळ ०.५. गती १५० झाली की ठोका ०.४ चा आणि सैल वेळ जेमतेम ०.२ उरते. गरज वाढलेली, भरायला वेळ कमी. धमनी अरुंद असेल तर जिना चढताना छातीत दुखायला लागतं, बसल्यावर थांबतं, त्याचं अर्धं कारण हे.

मनगटातली धमनी दंडातून, कॉलरच्या हाडाखालून थेट महाधमनीला मिळते. २ मिमी जाडीची नळी प्रवाहाच्या उलट दिशेने त्या दोन छिद्रांपर्यंत नेतात. शिरेतून गेलो तर उजव्या कर्णिकेत पोचू, म्हणून पेसमेकरची तार शिरेतून आणि अँजिओग्राफी धमनीतून. बायपासला पायाची शीर वापरतात तेव्हा ती उलटी करून शिवतात, नाहीतर तिच्याच झडपा रक्त अडवतील.

ताम्हण_फुल
छातीत दुखल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेट जिभेखालीच का? गिळली तर?

झडप
गिळली तर ती आडमार्गाने जाते. जठर आणि आतड्यांचं रक्त थेट हृदयाकडे येत नाही, यकृतद्वार शिरेतून आधी यकृतात जातं. यकृताचं साधारण तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येतं. तिथे या औषधाचा मोठा हिस्सा मोडून जातो आणि उरलेला उशिरा पोचतो. जिभेखालच्या शिरा मानेतून सरळ महाशिरेला मिळतात, यकृताचं नाकं लागत नाही, म्हणून काही मिनिटांतच परिणाम. गोळी बसून घ्या. ती शिरा सैल करते, म्हणजे पुन्हा तेच साठणं, आणि उभा माणूस कोसळतो. सिल्डेनाफिलसारखी (लिंगाच्या ताठरतेसाठीची) गोळी घेतलेली असेल तर ही घ्यायचीच नाही, दाब धोकादायक उतरतो.

यकृत कडक झालं की याच वाटेवर दाब चढतो आणि रक्त अन्ननलिकेच्या शिरांतून पळवाट काढतं. त्या शिरा फुगून फुटतात, उलटीत रक्त येतं. दारूचं यकृत आणि रक्ताची उलटी यांचा संबंध हा.

चिंचोका
शेवटचं. पोटऱ्यांवर शिरा फुगल्यात, दुकानात "मोजे घ्या" म्हणतात. कोणते?

रेवाकाठ
आधी पायाच्या धमन्या बऱ्या आहेत का ते पाहा. मधुमेह, तंबाखू, चालताना पोटरीत गोळा येणं, यांपैकी काही असेल तर घोट्यावर आणि दंडावर रक्तदाब मोजून तुलना करून घ्या. धमनी अरुंद असताना मोजे चढवले तर पाऊल काळं पडू शकतं.

धमन्या ठीक असतील तर साधारण २०-३० मिमी दाबाचे, घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारे. माप सकाळी, सूज यायच्या आत: घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची. "फ्री साइज" घेऊ नका. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी घाला, एकदा उभं राहिलात की शिरा भरल्या. आतली बाजू टाचेपर्यंत उलटी करून पाऊल घाला, मग वर ओढा, सुरकुती राहू देऊ नका. रात्री काढा. रोजच्या वापरात सहा महिन्यांत ताण जातो, मग बदला.

आणि मोजा लांब झाला म्हणून वरची कड दुमडू नका. दुमडलेली कड दोरीसारखी आवळते, आणि अडवते ती नेमकी परतीचंच रक्त.